चौथी उशी

१४ जानेवारी

आजपासून मी पुन्हा विद्यार्थिनी. अडतिसाव्या वर्षी, वॉर्डातल्या बारा-बारा तासांच्या पाळ्या सांभाळून. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या शिक्षणावर मी रजिस्टर्ड नर्स झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सलाइन लावून घेताना कुणी माझी पदवी विचारली नाही. पण हॉस्पिटलात एक जागा निघते आहे. हृदयाचे पेशंट घरी जायला निघाले की त्यांना आणि घरच्यांना नीट समजावून सांगायचं, मग फोन करून विचारपूस करत राहायची. रात्रपाळी नाही, माणसं उचलून कंबर मोडून घेणं नाही. शिवाय मला बोलायला आवडतं. त्या जागेला बॅचलरची पदवी लागते. हेड नर्स म्हणाली, "ऑरेली, पहिलं सत्र प्रात्यक्षिकासकट मेपर्यंत पास हो, तुझ्यासाठी जागा धरून ठेवते. पदवी मागाहून पुरी कर. नाहीतर मी बाहेरचं कुणी घेईन."

विद्यापीठानं कम्युनिटी कॉलेजचे बहुतेक विषय मानले, फक्त केमिस्ट्री नाकारली. जुनी झाली म्हणे! मीठ पाण्यात विरघळतं, यात एवढ्यात काय बदललं?

मम्माला सांगितलं तेव्हा ती गंबोचा दाट रस्सा ढवळत होती. जन्मभर तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात रांधलं, त्यामुळे आम्हा तिघांसाठीही ती पन्नास पोरांचं पातेलं चढवते. तिनं डाव खाली ठेवला नाही. "वरची माझ्या शेजारची खोली घे अभ्यासाला," म्हणाली. "मी टीव्ही खाली बघत जाईन. आणि रविवारच्या जेवणाचं तू बघू नकोस, शा." शा म्हणजे आमच्या बोलीत लाडकी.

घटस्फोटानंतर मी तिच्या छपराखाली आले, आणि आता तिला तिच्याच मजल्यावरून हुसकावते आहे. अपराधी वाटतं. पण मला कशाचं वाटत नाही? बाप्तिस्म्याच्या पाण्यातच कुणीतरी ते मिसळलं होतं बहुधा.

२ फेब्रुवारी

प्रात्यक्षिकासाठी मला एक म्हातारबाबा मिळाले आहेत. मिस्टर ॲल्सिड रोबां, वय एक्क्याऐंशी, हृदय अशक्त. दर आठवड्याला त्यांच्या घरी जायचं, वजन करायचं, पाय तपासायचे, प्रश्न विचारायचे. सत्राच्या शेवटी ज्येष्ठ नागरिक केंद्रात सगळ्या म्हाताऱ्यांसमोर या विषयावर भाषण. त्याचे निम्मे गुण.

मी यादीप्रमाणे विचारत गेले. पायांना सूज येते का? जिना चढताना धाप लागते का? मग आमचा आवडता प्रश्न: "झोपताना किती उश्या घेता?"

"एकच," ते म्हणाले. "पण बायको गेल्यापासून दुसरी मिठीत घेतो. ती धरायची का?"

मी हसून लोटपोट. मग त्यांना समजावलं. हृदय थकलं की पाणी फुप्फुसात साठतं, आडवं पडलं की जीव गुदमरतो. म्हणून माणूस नकळत उश्या वाढवत जातो आणि शेवटी खुर्चीत बसून झोपतो. माणूस स्वतःहून सांगत नाही, म्हणून उश्या विचारायच्या.

"पोरी, तू बरी बोलतेस," म्हणाले. दिवसभर तेच कानात घेऊन फिरले.

५ मार्च

राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन पाळी केली. निम्मा वॉर्ड तसाच होता, डॉक्टरसुद्धा.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांसाठी मी कोकाकोला सोडला. हार्लननं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, शिव्या देणं सोडलं. तो समुद्रातल्या तेलविहिरीवर असतो, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तिकडे शिव्यांशिवाय पाना फिरत नाही म्हणतो, तेव्हा बघू.

मम्मानं या वर्षी बिछाना सोडला आहे! उपासाचे दिवस संपेपर्यंत ती खालच्या खोलीत, बाबांच्या जुन्या आरामखुर्चीत झोपणार.

"बिछाना?" हार्लन म्हणाला. "मम्मा, गेल्या वर्षी तू चॉकलेट सोडलं होतंस."

"गेल्या वर्षी देवाकडे काही मागायचं नव्हतं."

"आणि या वर्षी काय मागते आहेस?"

तिनं नुसतं बघितलं. आमच्या घरात हे चालत नाही. कुणी काय सोडलं ते सांगावं, का ते विचारू नये. व्रत हे माणूस आणि देव यांच्यातलं असतं, असं तिच्या आईनं तिला आणि तिनं आम्हाला शिकवलं आहे.

मला मात्र कळलं ती काय मागते आहे ते. माझ्यासाठीच आहे हे सगळं, माझ्या परीक्षेसाठी. मी कोकाकोला सोडून शहीद झाल्यासारखी फिरते, आणि बाहत्तर वर्षांची बाई माझ्या गुणांसाठी खुर्चीत झोपते. लाज वाटली.

१६ मार्च

या घरात उश्यांना पाय फुटले आहेत. आधी सोफ्यावरची हिरवी गेली, मग माझ्या पलंगावरची जादाची. हार्लनवर फोनवरून ओरडले. तो म्हणाला, "मी तेलविहिरीवर उश्या चोरून नेतो आणि माशांना विकतो." मग आठवलं, उश्या गेल्या तेव्हा तो घरीच नव्हता.

चर्चला मम्मा सपाता घालून आली. मी कारमध्ये तिला चांगलंच झापलं. "अगं, लोक काय म्हणतील? रविवारचे बूट कुठे गेले?"

"चावतात," ती म्हणाली. "म्हातारपणी पायसुद्धा पसरतात."

गायकवृंदातही ती गेली नाही. ते लोक वरच्या गॅलरीत उभे राहतात. आवाज बसलाय म्हणाली. खाली माझ्या शेजारी बसली आणि स्तोत्र ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. मी संख्याशास्त्राची घोकंपट्टी करत होते, देवाच्या घरात. माफ कर.

२९ मार्च

आज मला स्वतःचा अभिमान वाटला. मिस्टर ॲल्सिड यांचं वजन आठवड्यात चांगलंच वाढलं होतं. दुसरी असती तर म्हणाली असती, खाल्लं असेल. मी घोट्यावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. खोदून विचारल्यावर म्हातारबाबांनी कबूल केलं की पुतण्यानं धुरावलेलं सॉसेज आणून दिलं, ते चार दिवस पुरवून खाल्लं. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळ्या वाढवून घेतल्या. आमच्या प्राध्यापक डॉ. फॉन्टेनो सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "ऑरेली, तुझी नजर चांगली आहे."

आनंदात घरी आले तर मम्मा भर दुपारी खुर्चीत डुलक्या घेत होती. चूल थंड. तिच्या घरात! मी चौकातून तळलेली कोंबडी आणली. तिनं एक पंख उचलला आणि ठेवून दिला. "उपासाचे दिवस आहेत, शा. पोट लहान होतं."

तिला आयतं, खारट, बाहेरचं खाऊ घातलं याचं संध्याकाळभर वाईट वाटत राहिलं. पदवी मिळाली की मी रोज रांधीन.

१५ एप्रिल

भाषण पुढच्या गुरुवारी, २४ला. आज मम्मासमोर तालीम केली. तिला खुर्चीत बसवलं, मी स्टूलावर चढून उभी राहिले. सूज, वजन, मीठ, धाप, उश्या, सगळं म्हटलं. मम्मा टक लावून ऐकत होती. शाळेतल्या पोरांच्या गॅदरिंगला बसायची तशी, हात मांडीवर.

"प्रश्न विचार ना," मी म्हटलं. "म्हातारे विचारतील, मला सवय हवी."

तिनं थोडा विचार केला. "तू म्हणालीस दोन उश्या ठीक, तीन झाल्या तर डॉक्टरला सांगा. आणि कुणाला चार लागल्या तर?"

"तर त्याच दिवशी हॉस्पिटल. थांबायचंच नाही."

"थांबलं तर?"

"एखाद्या दिवशी अचानक छाती पाण्यानं भरते. मग वेळ मिळत नाही."

"आणि हॉस्पिटलात किती दिवस ठेवतात? घरच्यांना थांबावं लागतं का?"

"मम्मा, असं कुणी विचारत नाही! आजाराचं विचार."

"बरं," ती म्हणाली. "भाषण छान आहे. जरा लांबलंय." मग मला जवळ बोलावून माझी कॉलर सारखी केली. तिचे हात गार होते. खुर्ची खिडकीपाशी आहे, तिथे वारं लागतं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

हार्लननं अंगणात झिंगे उकडले, तिखटजाळ. शेजारपाजार जमला. मम्मा आतच बसली. हार्लन स्वयंपाकघरात माझ्या मागे आला आणि हळूच म्हणाला, "ऑरी, मम्मा बाबांच्या जुन्या ट्रकसारखा श्वास घेते आहे. तू ऐकलंस का?"

"तिचा उपास आहे. काल रात्रीपासून पोटात काही नाही."

"उपासानं छातीत घुरघुर होते?"

"नर्स तू आहेस की मी?"

तो बाहेर गेला. नंतर वाटलं, उगाच तोडून बोलले. दोन आठवड्यांनी येतो बिचारा, त्याला सगळंच बदललेलं वाटणार. उद्या त्याला सॉरी म्हणते.

२० एप्रिल, ईस्टर

रंगवलेली अंडी टोकाला टोक लावून फोडायचा खेळ झाला. मम्मानं खुर्चीतून न उठता आम्हा दोघांचीही फोडली. तिचं अंडं नेहमी जिंकतं. हार्लन म्हणतो ती संगमरवराचं वापरते.

"चला, उपास संपला," मी म्हटलं. "आज वर झोपायला ये."

ती जिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देवाशी थोडे दिवस वाढवून घेतले आहेत. गुरुवारपर्यंत. तुझं भाषण होऊ दे."

मला रडूच आलं. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. कुणाच्या आईनं एवढं केलंय? आणि मी त्या बिचारीला सपातांवरून बोलले.

२४ एप्रिल, सकाळ

घाईत लिहिते. भाषणात उश्या प्रत्यक्ष रचून दाखवायच्या ठरवल्या आणि घरात उश्या सापडेनात. सगळ्या मम्माच्या पाठीशी! सोफ्याची हिरवी, माझी, तिच्या दोन. "मम्मा, तू तर दुकान मांडलंयस," मी म्हटलं. "खुर्चीची पाठ टोचते," ती म्हणाली आणि स्वतः एकेक काढून दिली. "घेऊन जा. घे गं. छान बोल." चारही गाडीत टाकल्या. हार्लन तिच्याजवळ आहे. निघते.

२५ एप्रिल

हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहात बसून लिहिते आहे.

केंद्रात तीसेक म्हातारे होते. डॉ. फॉन्टेनो मागे वही घेऊन. मिस्टर ॲल्सिड पहिल्या रांगेत, टाय लावून, मी त्यांचीच नात असल्यासारखे. मी छान बोलत होते. लोक हसत होते. टेबलावर पहिली उशी ठेवली. "एक. ठीक." दुसरी ठेवली. "दोन. तरी ठीक." तिसरी उचलली.

ती मम्माची होती. निळ्या अभ्र्याची. तिच्या केसांच्या तेलाचा डाग नेहमी मधोमध असतो, कारण ती उताणी झोपते. हा डाग वरच्या कडेला होता. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकतं तिथे. आणि चौथी अजून टेबलाशेजारच्या खुर्चीवर पडलेली होती.

मी तिथेच उभी राहिले. सपाता. गॅलरीचा जिना. गार हात. कुणाला चार लागल्या तर?

तोंडातून एवढंच निघालं, "माझ्या आईच्या उश्या आहेत या. मला घरी जायला हवं."

डॉ. फॉन्टेनो उठून काही म्हणणार होत्या. मिस्टर ॲल्सिड खेकसले, "बघतेस काय पोरी? पळ!"

गाडीतून रुग्णवाहिकेला फोन केला, मग हार्लनला. तो मागे अंगणात झिंग्यांचं भांडं घासत होता. तिनंच त्याला पिटाळलं होतं. मी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही हात रोवून पुढे वाकून बसली होती. हार्लन तिची पाठ धरून रडत होता. तिचे ओठ निळसर झाले होते. मला बघून, एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाली, "लवकर आलीस. टाळ्या... वाजल्या?"

मी तिच्या पाठीमागच्या उश्या काढून नेल्या होत्या. मी. माझ्या हातांनी. भाषणात दाखवायला.

२७ एप्रिल

वाचली. सुयांमधून औषध देऊन भरपूर पाणी काढलं. पाय पुन्हा तिचे पाय दिसतात. वॉर्ड माझाच, त्यामुळे सगळ्यांना कळलं आहे, आणि सगळे माझ्याशी फार गोड वागतात. ते सहन होत नाही. कुणीतरी एक थोबाडीत मारा.

माझ्याबरोबरच्या नर्सनं, ट्रेनीसनं, भरतीची माहिती घेतली. मी बाजूलाच उभी होते. तिनं मम्माला नेहमीच्या सुरात विचारलं, "मिस टेसी, झोपताना किती उश्या घेता?"

मम्मानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचार. हीच शोधत फिरत होती."

ट्रेनीस हसली. मी संडासात जाऊन दार लावून रडले.

नंतर आम्ही दोघीच असताना मी विचारलं, "तुला कळत होतं ना?"

"ख्रिसमसपासून जिना जड जात होता. बाकीचं तुझ्या तालमीत कळलं."

"मग तेव्हा तरी बोलायचंस! मी तुझ्यासमोर स्टूलावर उभी होते, मम्मा!"

"बोलले असते तर तू भाषण सोडलं असतंस."

"सोडलंच!"

"तेच म्हणते मी!" ती पलंगावर ताडकन उठून बसली. मशीन वाजायला लागलं. "एवढे दिवस त्या मेल्या खुर्चीत काढले, आणि बाई शेवटच्या दहा मिनिटांत पळून आली! दहा मिनिटं थांबली असतीस तर मी काय मरणार होते?"

"हो," मी म्हटलं.

तिनं पलंगाची कळ दाबून पाठ वर-खाली करून बघितली. "मी देवासाठी बिछाना सोडला," म्हणाली. "त्यानं बघ, विजेवर चालणारा दिला."

हसावं लागलं. तिला तेच हवं होतं. हार्लनला सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "मी नर्स नाही, म्हणून ऐकू आलं मला." त्याला टोमणा मारायचा नव्हता, तो तसा नाही. म्हणूनच लागलं.

मिस्टर ॲल्सिड यांच्या घोट्यावर मी दर आठवड्याला बोट दाबत होते. आईच्या घोट्याला एकदाही हात लावला नाही. व्रताचं विचारायचं नसतं, हे मला किती सोयीचं पडलं! विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं. ती माझ्यासाठी लपवत होती हे खरं. पण मी तिला लपवू दिलं. या वहीची मागची पानं चाळायची हिंमत नाही.

११ मे, मातृदिन

मम्मा घरी येऊन आठवडा झाला. जेवणाचं टेबल हलवून तिचा पलंग खालीच आणला आहे. मीठ घराबाहेर. तिच्या मते आता गंबोची चव ओल्या टॉवेलसारखी लागते.

डॉ. फॉन्टेनो भेटल्या. भाषण अर्धवट, त्यामुळे सत्र अपुरं. जूनमध्ये पुन्हा पूर्ण बोलले तर पास करतील. तोपर्यंत हॉस्पिटलची ती जागा गेली. लाफायेटहून कुणी मुलगी येणार आहे. हेड नर्स फार हळू आवाजात सांगत होती, मीच तिला धीर दिला. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचंही वाईट वाटलं. पदवी मी पुरी करणार. सोडली तर मम्मा दुसऱ्यांदा हॉस्पिटलात जाईल, रागानं.

जूनची तारीख आज तिला सांगितली. "किती तारीख?" तिनं दोनदा विचारून घेतलं आणि कॅलेंडरवर खूण केली. खूप खूश झाली. कधी नव्हे ती लवकर आडवी झाली.

मी दिवा घालवायला गेले. रोज विचारते तसं विचारलं, "किती उश्या?"

"दोन."

"नक्की?"

"दोन म्हटलं ना, शा. जा, अभ्यास कर."

मी पांघरूण उचललं. पाठीखाली तिसरी, सोफ्याची हिरवी होती, घडी घालून, नीट दडपलेली.

तिनं चोरी पकडलेल्या पोरासारखं माझ्याकडे बघितलं. "जूनपर्यंतच," म्हणाली. "मग सांगणारच होते."

मी पलंगाच्या कडेवर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला, घोट्यावर बोट दाबलं. मग आधी डॉक्टरांना फोन लावला, आणि भांडण नंतर केलं.